१६ माणसांची सॉफ्टवेअर कंपनी आणि ३ वर्षांचा आराखडा

कोल्हापुरात आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. मी आणि माझे धाकटे दीर असे दोघं संचालक, बाकी १४ जण. मुख्य काम फाउंड्रींसाठीच्या, म्हणजे धातू वितळवून सुटे भाग ओतणाऱ्या कारखान्यांसाठीच्या, सॉफ्टवेअरचं. कुठल्या हीटमधून (भट्टीच्या एका खेपेतून) कुठलं कास्टिंग (ओतलेला भाग) निघालं, त्यातलं किती रिजेक्ट झालं, ब्लो होलमुळे (आत राहिलेल्या पोकळीमुळे) की कोल्ड शटमुळे (धातू नीट न जुळल्यामुळे), याची नोंद त्यात राहते. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथले कारखानदार हे आमचं जुनं गिऱ्हाईक. त्याशिवाय पुण्याच्या एका मोठ्या वाहनभाग कंपनीचं त्यांच्या मागणीनुसार केलेलं काम, आणि ओळखीपाळखीतून येणाऱ्या वेबसाइट, ॲप वगैरे.

ऑक्टोबर २०२४ ते एप्रिल २०२५ या काळात आम्ही कंपनीचा पहिला लेखी आराखडा केला. या विषयावर नेटवर शोधलं तर जे सापडतं ते हजार माणसांच्या कंपन्यांसाठी असतं, नाहीतर गुंतवणूकदार शोधत फिरणाऱ्या स्टार्टअपसाठी. दर महिन्याच्या ७ तारखेला पगार करायचेत आणि गिऱ्हाईक मात्र ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणतंय, अशांसाठी फारसं काही मिळेना. म्हणून हे लिहितेय. रकमा सोयीसाठी गोल केल्या आहेत.

सुरुवात सीएसाहेबांच्या ऑफिसात झाली. ३० सप्टेंबरच्या आत कंपनीची वार्षिक सभा घ्यावी लागते, त्यामुळे त्याआधीचे आठवडे ऑडिटचे. २०२३-२४ ची उलाढाल २ कोटी ३५ लाख, खर्च १ कोटी ९० लाख. कागदावर ४५ लाख नफा, पण १५ सप्टेंबरचा ॲडव्हान्स टॅक्स भरायला आम्ही एफडी मोडली होती. सीएसाहेबांनी ताळेबंदातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. ३१ मार्चला लोकांकडून येणं ७८ लाख. ‘तुमचा नफा इथं बसलाय,’ म्हणाले.

त्यांनी तिथंच येणं भागिले उलाढाल गुणिले ३६५ केलं. उत्तर आलं १२१ दिवस, म्हणजे बिलाचे पैसे हातात यायला सरासरी इतका वेळ. इथं एक बारीक गोष्ट सांगते. येण्याच्या रकमेत १८ टक्के जीएसटी धरलेला असतो, उलाढालीत नसतो. उलाढालही जीएसटीसकट घेतली तर तोच आकडा १०३ वर येतो. कुठलीही एक पद्धत धरा, पण दर महिन्याला तीच धरा. १०३ सुद्धा काही सुखाचा आकडा नव्हता. बिल काढलं की पुढच्या महिन्याच्या २० तारखेला त्यावरचा जीएसटी आपण भरायचा, गिऱ्हाईकाने पैसे दिले असोत वा नसोत. १ लाखाचं बिल म्हणजे १८ हजार आधी आपल्या खिशातून.

घरी येऊन भाऊजींना सांगितलं तर ते म्हणाले, ‘वहिनी, काम वाढलं की येणं वाढणारच.’ त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, पण त्याच महिन्यात दिवाळीच्या तोंडावर दोन चांगल्या मुलांनी राजीनामे दिले होते. दोघेही पुण्याच्या त्या मोठ्या गिऱ्हाईकाच्या कामावर होते.

मग आराखड्यासाठी मार्गदर्शक शोधायला लागलो. पुण्यातल्या एका सल्लागार संस्थेने ४ लाख अधिक जीएसटी सांगितले आणि नमुना म्हणून दुसऱ्या कुणाचा तरी जाडजूड अहवाल दाखवला. छान बांधणी होती. आम्हाला परवडलं नसतं, आणि खरं सांगायचं तर तो अहवाल वाचायलाही आमच्याकडे कुणी बसलं नसतं. शेवटी एका कारखान्यातून निवृत्त झालेले अर्थविभाग प्रमुख तयार झाले. त्यांची फी ७५ हजार, तीन हप्त्यांत. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणतो. पहिल्याच भेटीत त्यांनी बजावलं, ‘डिसेंबर संपेपर्यंत भविष्यावर बोलायचं नाही. आधी आत्ता काय चाललंय ते मला दाखवा.’

दाखवायचं म्हणजे माणसांचा वेळ कुठे जातो ते. दिवाळीची सुट्टी संपल्यावर नोव्हेंबरात तासांची नोंद सुरू केली. साधी स्प्रेडशीट, त्यात तीनच रकाने: गिऱ्हाईक, काम, अर्ध्या तासाच्या हिशेबाने वेळ. आठवडाभरात कुरकुर सुरू झाली. ‘पोरांना हजेरी लावल्यासारखं वाटतंय,’ असं भाऊजींनी येऊन सांगितलं. त्यावर आम्ही ठरवलं की एकत्र हिशेबात माणसाचं नाव येणार नाही, फक्त गिऱ्हाईकाचं येईल, आणि ही शीट पगारवाढीच्या बैठकीत उघडली जाणार नाही. हे सगळ्यांसमोर बोललो आणि पाळलं. विधानसभेच्या मतदानाचा २० नोव्हेंबर आणि त्याच्या आजूबाजूचे दिवस तसे रिकामेच गेले, पण महिनाअखेरपर्यंत सवय लागली. सपोर्टच्या ताई तर फोनवर फोन टिपायला लागल्या. कुठल्या कारखान्यातून दिवसाला किती फोन येतात हे त्यांच्या वहीतून जे कळलं ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

तुम्ही हे करणार असाल तर दिवसाचे ८ तास धरू नका. चहा, मीटिंगा, लाइट जाणं, नेट जाणं, सगळं वजा जाता आमच्याकडे ६ तास हाती लागतात. वर्षाचे कामाचे दिवस सुट्ट्या आणि रजा सोडून २५०. म्हणजे माणशी १,५०० तास. प्रत्यक्ष गिऱ्हाईकांचं काम करणारे आम्ही १२ जण, म्हणून एकूण १८,००० तास. १ कोटी ९० लाख खर्चाला त्याने भागलं की तासाचा खर्च येतो साधारण १,०५५ रुपये. आमच्या कंपनीबद्दलचा सगळ्यात उपयोगी आकडा हाच, आणि तो काढायला कुठलंही सॉफ्टवेअर लागलं नाही.

डिसेंबरच्या शेवटी सरांनी मागच्या वर्षीच्या उलाढालीशेजारी तास मांडायला लावले. उलाढाल पूर्ण वर्षाची आणि तास दोन महिन्यांवरून वर्षाला ताणलेले, म्हणजे हिशेब काटेकोर नव्हता. ‘दहा टक्के इकडेतिकडे झालं तरी चित्र बदलत नाही,’ असं सर म्हणाले, आणि चित्र खरंच बदलण्यासारखं नव्हतं. पुण्याच्या मोठ्या गिऱ्हाईकाकडून ८९ लाख येत होते आणि त्यांच्यासाठी ९,१०० तास जात होते, म्हणजे ९६ लाखांचा खर्च. फाउंड्रींकडून ८४ लाख येत होते ४,९०० तासांत, खर्च जेमतेम ५२ लाख. उरलेलं किरकोळ काम ६२ लाखांचं, तास ४,०००. आमच्या अर्ध्या ताकदीवर आम्ही तोट्यात होतो, आणि त्याच गिऱ्हाईकाचं नाव आमच्या वेबसाइटवर सगळ्यात वर होतं.

भाऊजी बराच वेळ गप्प होते. ते गिऱ्हाईक त्यांनीच आणलं होतं, त्या काळी पुण्याला एसटीने जाऊन. त्या नावामुळे बाकीची दारं उघडली हेही खरं. मला स्वतःला राग येत होता, पण नेमका कुणाचा ते सांगता आलं नसतं. शेवटी ते म्हणाले, ‘वहिनी, त्यांना सोडलं तर ३८ टक्के उलाढाल एका दिवसात जाईल.’ सर म्हणाले, सोडायचं की नाही ते जानेवारीत बघू. ती दिरंगाई मला तेव्हा खटकली. पण तापलेल्या डोक्याने डिसेंबरात पत्र लिहिलं असतं तर त्यात काय लिहिलं असतं कोण जाणे.

जानेवारीत दोन दिवस पन्हाळ्यावर राहिलो. आम्ही दोघं, सर, आणि टीममधले पाच जण. राहणं, जेवण, गाडी धरून ४४ हजार. सपोर्टच्या ताईंना मुद्दाम नेलं आणि त्याचा फार फायदा झाला, कारण गिऱ्हाईक कशावरून चिडतं हे आमच्यात फक्त त्यांनाच ठाऊक होतं. बलस्थानं, उणिवा, संधी, धोके यांचा तक्ता पहिल्या सकाळी भिंतीवर लागला. त्यातून फारसं काही निघालं नाही. ‘चांगली टीम’ आणि ‘वाढती स्पर्धा’ हे कुठल्याही कंपनीच्या भिंतीवर लावता येतं. कॅप्लान आणि नॉर्टन यांचं १९९२ मधलं बॅलन्स्ड स्कोअरकार्डही सरांनी समजावलं. नुसता पैसा बघू नका, ग्राहक, अंतर्गत कामकाज आणि शिकणं हेही मोजा, असा त्याचा गाभा. कल्पना पटली. पण प्रत्येक बाजूला पाच-पाच मोजमापं लिहीत गेलो तेव्हा टीममधल्या एका मुलाने विचारलं, ‘हे सगळं दर महिन्याला भरणार कोण?’ तिथंच ते चारवर आणलं: येण्याचे दिवस, सगळ्यात मोठ्या गिऱ्हाईकाचा उलाढालीतला वाटा, वार्षिक देखभाल करारातून म्हणजे एएमसीतून येणारी रक्कम, आणि गिऱ्हाईकामागे जाणारे तास. प्रत्येक मोजमापासाठी एका माणसाचं नाव लिहिलं.

खरा वाद झाला तो दुसऱ्या दिवशी, सरांच्या एका प्रश्नावरून. उद्या कुठलं काम चालून आलं तर तुम्ही नाही म्हणाल? यावर दुपार गेली. वेबसाइट बंद, हे लगेच ठरलं, कारण ते काम कुणालाच आवडत नव्हतं. पण पतसंस्थेचं सॉफ्टवेअर करायचं का, हॉस्पिटलचं करायचं का, यावर भाऊजी आणि मी चांगलेच भिडलो. त्यांचं म्हणणं, दारात आलेली लक्ष्मी परत कशी पाठवायची. माझं म्हणणं, प्रत्येक नव्या क्षेत्रासाठी पहिले सहा महिने आपण आपल्या पैशाने शिकतो. शेवटी नियम केला: ३१ मार्च २०२८ पर्यंत फाउंड्री आणि मशीन शॉप सोडून नवं क्षेत्र नाही. अपवाद करायचा तर दोन्ही संचालकांची सही. हा नियम ऐकायला सोपा वाटतो. त्यानंतर महिनाभरातच भाऊजींच्या वर्गमित्राच्या मंगल कार्यालयाचं बुकिंग ॲप नाकारावं लागलं आणि आमच्या घरातलं वातावरण काही दिवस बिघडलं.

वाढायचं कुठे याचं उत्तर त्यामानाने लवकर सापडलं. फाउंड्रींचे मोठे पट्टे राजकोट, कोइंबतूर, हावडा, बटाला-जालंधर असे देशभर आहेत. मुलांचा ओढा कोइंबतूरकडे होता, तिथलं नाव मोठं. पण आमचं सॉफ्टवेअर बसवायला माणूस जातो, भट्टीजवळच्या सुपरवायझरला शिकवतो, पहिल्या महिन्यात चार वेळा परत जातो. बेळगाव आम्हाला दोन-अडीच तासांवर. सकाळी निघून रात्री घरी, आणि शॉप फ्लोअरवर मराठी चालते. म्हणून पहिली दोन वर्षं बेळगाव, आणि कोइंबतूर आराखड्यात नाहीच.

फेब्रुवारी आणि मार्च हे कागदपत्रांचे महिने. त्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथंच लोक अडतात.

आधी उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी. ती फुकट आहे, सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनवर होते, एजंटला दोन-तीन हजार द्यायची गरज नाही. आमची नोंदणी होती, पण त्यातला पत्ता जुना होता. दुरुस्तीसाठी आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी जातो आणि तो नंबर भाऊजींनी कधीच बंद केला होता. म्हणून आधी आधार केंद्रावर जाऊन तेव्हाचे ५० रुपये भरून नंबर बदलणं आलं, मग काही दिवस थांबणं, मग उद्यममध्ये दुरुस्ती. हे मार्चच्या शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. प्रमाणपत्रावर तुमचा उद्योग सेवा म्हणून नोंदलाय का तेही बघा, सॉफ्टवेअरचा एनआयसी कोड (उद्योगांच्या सरकारी वर्गीकरणातला क्रमांक) ६२ ने सुरू होतो. फक्त व्यापार म्हणून नोंद असेल तर उशिरा मिळणाऱ्या पैशांबाबतचं संरक्षण मिळत नाही.

ते संरक्षण असं. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. पर्चेस ऑर्डरवर ९० दिवस लिहिले तरी ४५ च्या पुढे जाता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज. जानेवारीत बँक रेट ६.७५ टक्के होता, म्हणजे व्याज २०.२५ टक्के. शिवाय २०२३-२४ च्या हिशेबापासून प्राप्तिकराचं ४३बी(एच) हे कलम लागू झालंय. या मुदतीबाहेर गेलेली आणि ३१ मार्चपर्यंतही न दिलेली रक्कम गिऱ्हाईकाला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही, ज्या वर्षी देईल त्या वर्षीच दाखवता येते.

थकलेल्या पैशांसाठीच्या सरकारी समाधान पोर्टलवर तक्रार करायचा विचार आम्ही केला आणि सोडून दिला. गिऱ्हाईक गावातलं, लग्नाकार्यात भेटणारं. त्याऐवजी १० फेब्रुवारीला सगळ्यांना एक पानी पत्र गेलं: थकीत बिलांची यादी, उद्यम क्रमांक, प्रमाणपत्राची प्रत, आणि ४३बी(एच) चा उल्लेख असलेली दोन वाक्यं. भाषा नरम ठेवली. एका कारखानदारांचा लगेच फोन, ‘मॅडम, बिलाचं बघतो की. पळून चाललोय का मी?’ पण त्याच पत्राची प्रत त्यांच्या अकाउंट्सला आणि त्यांच्या सीएंना गेली होती, आणि काम त्या सीएंनी केलं. मार्चअखेरपर्यंत थकबाकीतले ३४ लाख जमा झाले. पत्र मालकाला एकट्याला पाठवू नका.

एएमसीचं बिल आता आम्ही वर्ष सुरू होण्याआधी प्रोफॉर्मा म्हणजे कच्चं बिल म्हणून पाठवतो आणि पैसे आले की टॅक्स इन्व्हॉइस काढतो, म्हणजे जीएसटी आधी भरावा लागत नाही. पूर्ण झालेल्या कामाला ही युक्ती चालत नाही, त्याचं इन्व्हॉइस ३० दिवसांच्या आत काढावंच लागतं. हे आपल्या सीएंना विचारूनच करा.

याच काळात कॅश क्रेडिटसाठी, म्हणजे रोजच्या खर्चासाठी लागेल तसं उचलता येणाऱ्या कर्जासाठी, बँकेत गेलो. तारण द्यायला काही नव्हतं म्हणून सीजीटीएमएसई या लघुउद्योगांच्या कर्जासाठीच्या हमी योजनेखाली अर्ज केला. बँकेला सीएमए डेटा म्हणजे पुढच्या वर्षांचे अंदाजपत्रकी ताळेबंद हवे असतात, ते सीएसाहेबांनी १५ हजारांत करून दिले. सॉफ्टवेअर कंपनीकडे माल नसतो, त्यामुळे मर्यादा फक्त येण्यावर ठरते आणि ९० दिवसांपेक्षा जुनं येणं बँक धरत नाही. अधिकाऱ्यांनी आमचा आराखडा वाचून विचारलं, ‘मोठं गिऱ्हाईक कमी करणार म्हणताय, मग पहिल्या वर्षी उलाढाल वाढलेली कशी दाखवलीय?’ पन्हाळ्यावर आठ जणांना हे दिसलं नव्हतं. आकडे खाली आणले. ३० लाख मागितले होते, २० लाख मंजूर झाले, तेही एप्रिलच्या शेवटी. तोवर पगार मार्चच्या वसुलीवर निघाले.

मोठ्या गिऱ्हाईकाला दरवाढीचं पत्र फेब्रुवारीच्या मध्यावर दिलं. तासाला सरासरी ९७८ रुपये पडत होते, आम्ही १,४०० मागितले आणि तासांचा तपशील सोबत जोडला. खरेदी विभागाकडून तीन आठवडे काहीच उत्तर नाही. ती वाट बघणं या सगळ्यातलं सर्वात अवघड. रोज भाऊजी मेल उघडायचे आणि माझ्याकडे बघायचे. मार्चमध्ये बोलावणं आलं. चालू प्रणालीची देखभाल १,२५० रुपये दराने आमच्याकडे राहिली, नवी मोड्यूल त्यांनी दुसरीकडे दिली. म्हणजे वर्षाला सुमारे ४,५०० तास आणि ५६ लाख. ३३ लाख गेले, पण तोटा थांबला आणि तीन माणसं मोकळी झाली. त्यातला एक मुलगा मात्र जूनमध्ये गेला. त्याला त्या कंपनीचं मोठं काम आवडायचं, फाउंड्रीची धूळ आवडत नव्हती. त्याला अडवायला माझ्याकडे काही उत्तर नव्हतं.

एप्रिलमध्ये जे हाती आलं ते दोन पानं: एकावर काय करायचं आणि काय नाही, दुसऱ्यावर चार आकडे महिनावार. दर तिमाहीच्या पहिल्या शनिवारी अर्धा दिवस सगळ्यांसमोर ते उघडतो. सप्टेंबर २०२५ अखेर येण्याचे दिवस १०३ वरून ७४ वर आलेत, मोठ्या गिऱ्हाईकाचा वाटा ३८ वरून २५ टक्क्यांवर. सहामाही उलाढाल मागच्या वर्षीपेक्षा थोडी कमीच आहे. बेळगावात उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सहा फाउंड्री धरल्या होत्या, आत्तापर्यंत दोनच झाल्यात. तिथल्या कारखानदारांनी आधी कोल्हापूरच्या कारखान्यात सॉफ्टवेअर चालताना बघायचंय असं सांगितलं, आणि दाखवायला नेण्याचा वेळ आराखड्यात कुठेच धरलेला नव्हता. आता धरलाय.

सगळा बाहेरचा खर्च, म्हणजे सरांची फी, पन्हाळा, सीएमए, बँकेची प्रक्रिया फी आणि स्टॅम्प, मिळून दीड-पावणेदोन लाखांत बसला. पुढच्या तिमाहीत माणसं घ्यायचा विषय आहे. ईएसआयसी म्हणजे कर्मचारी विमा आमच्याकडे आहेच. २० झाली की पीएफ लागू होईल, म्हणून तो खर्च आधी तासाच्या १,०५५ मध्ये मिळवून नवा दर काढायचा आणि मगच जाहिरात द्यायची, असं ठरलंय. भाऊजींनी त्या कागदावर सही करून ठेवलीय, माझी व्हायचीय.